रस्त्याआधी उघडलेली शेतं

आयर्लंडमध्ये महामार्गाच्या वाटेवरचं शेत तपासायला पोकलेन येतो, तेव्हा त्याच्या बकेटला दात नसतात. दातांनी माती उचकटली जाते; सपाट धारेनं ती सालीसारखी पातळ निघते. शेजारी पुरातत्त्वज्ञ उभा असतो. नांगरटीचा काळसर थर निघाला, खालची न हललेली माती उघडी पडली, की तो डाग शोधू लागतो. गोल काळा ठिपका म्हणजे कधीकाळी रोवलेल्या खांबाची जागा, वळणदार पट्टा म्हणजे बुजलेला खंदक. आपल्याकडे पांढरीचं टेकाड लांबूनही ओळखू येतं. तिथल्या हिरव्या कुरणावर मात्र बहुधा कसलीच खूण नसते.

त्याआधी हवाई छायाचित्रं पाहिली जातात, चुंबकीय मापनानं जमिनीतले फरक टिपले जातात, मग ठरावीक अंतरावर चाचणीचे चर खणले जातात. २००० साली तिथलं राष्ट्रीय रस्ते प्राधिकरण आणि वारसा खात्याचे मंत्री यांच्यात या कामाची आचारसंहिता ठरली. खर्च रस्त्याच्या प्रकल्पातूनच होतो. नेमक्या त्याच काळात देशभर महामार्गांची कामं जोरात सुरू होती, त्यामुळे कुणी एरवी कधीच खणली नसती अशी शेतं उघडली गेली.

वॉटरफर्ड शहराच्या वळणरस्त्यासाठी २००३ साली शूर नदीकाठी वुडस्टाउन इथं चाचणी सुरू होती. तिथं नवव्या शतकातली व्हायकिंग वसाहत निघाली. जहाजांचे खिळे, चांदी, व्यापाऱ्यांची शिशाची वजनं आणि एका योद्ध्याची तलवारीसह कबर. रस्त्याची आखणी बदलण्यात आली. वसाहतीचा बहुतेक भाग आजही मातीखाली शाबूत आहे.

लिसमुलिनच्या वाट्याला असं नशीब आलं नाही.

आयर्लंडच्या प्राचीन राजांशी जोडलेली तारा टेकडी मीथ परगण्यात आहे. तिच्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर लिसमुलिन इथं, एम-३ महामार्गाच्या वाटेत, २००७च्या वसंतात खांबांच्या खड्ड्यांचं ८० मीटर व्यासाचं वर्तुळ उघडं पडलं. आत १६ मीटरचं दुसरं वर्तुळ, आणि पूर्वेकडून तिथवर नेणारी खांबांची दुतर्फा रांग. काळ लोहयुगाच्या आरंभीचा, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. खड्डे इतके लहान होते, की आधीच्या चाचणीत वर्तुळ लक्षातच आलं नव्हतं. ही रांग कृत्तिकांच्या उदयाच्या दिशेनं मांडली असावी, असं संशोधकांनी पुढे सुचवलं. ज्यांच्यावरून आपल्या कार्तिकाला नाव मिळालं, त्याच या कृत्तिका.

तोवर कंत्राट झालं होतं. जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, निदर्शनं झाली. मंत्री डिक रोश यांनी पद सोडता सोडता उत्खनन करून नोंद ठेवण्याच्या आदेशावर सही केली. बारीकसारीक खड्डाही मोजला गेला, आणि जून २०१०मध्ये त्याच जागेवरून गाड्या धावू लागल्या. नोंद उत्तम झाली, यात शंका नाही. पण खणलेली जागा दुसऱ्यांदा खणता येत नाही. उद्याच्या संशोधकाला नवा प्रश्न पडला तर त्याच्या हाती फक्त कागद आणि नमुने आहेत. तारासारख्या परिसरातून रस्ता न्यायचा की नाही, हे नकाशावरच ठरायला हवं होतं. पोकलेन शेतात उतरल्यावर तो निर्णय फार महाग होतो.

वादात न सापडलेल्या जागांनीही इतिहासाला बरंच दिलं. लाँगफर्डमधल्या एडरक्लूनच्या दलदलीत एन-४ रस्त्याच्या कामाआधी लाकडी पायवाटांचे थरावर थर निघाले. पाणथळ पीटमध्ये हवा पोचत नसल्यानं लाकूड कुजलं नव्हतं. त्यांतच कांस्ययुगाच्या उत्तरार्धातल्या लाकडी चाकाचा तुकडा होता. ठिकठिकाणी ‘फुलख्त फिया’ सापडले. हे तडकलेल्या, जळक्या दगडांचे ढिगारे, शेजारी पाण्याची कुंडं. तापवलेले दगड टाकून पाणी उकळायचं, एवढं नक्की. त्यात मांस शिजवायचे, अंघोळ करायचे की कातडी कमवायचे, यावर अजून वाद चालतो.

मध्ययुगाच्या आरंभीच्या धान्य वाळवण्याच्या भट्ट्या तर रस्त्यागणिक निघाल्या. राजांच्या कथांत या भट्ट्यांना जागा नसते, तरी शेतकऱ्याचा हंगाम त्यांतूनच कळतो. आयर्लंडची हवा पावसाळी, म्हणून कापणीचं ओलं धान्य आच देऊन सुकवत, आणि कधी कधी ते जळे. कोळसा झालेले दाणे पाण्यात खळबळून, बारीक चाळणीतून गाळून वेगळे काढतात. त्यांत सातू आणि ओट भरपूर, गहू कमी. अशा उत्खननांचे शेकडो अहवाल आता इंटरनेटवर सर्वांना मोफत वाचायला ठेवलेले आहेत.