आई, तुझी खेळी!

रत्नागिरीत आंबापोळी उन्हात घातली, की राखण करायला ओटीवर कुणीतरी बसावंच लागतं. यंदा मी बसले ती लेकाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन! “आई, तुला नाही जमायचं,” म्हणाला होता तो.

‘एम्पायर : टोटल वॉर’ हा २००९ सालचा खेळ. त्यात १७०० सालापासून मराठ्यांचं राज्य चालवता येतं. लढाया धावपळीच्या, त्या मी लेकावर सोपवल्या. कारभार मात्र खेळीखेळीने. एक खेळी म्हणजे सहा महिने, आणि आपली खेळी संपेपर्यंत मोगलसुद्धा गप्प! कुकर उतरवून आलं तरी राज्य जागच्या जागी.

पहिल्याच दिवशी हौसेने फौज वाढवली. तिच्या खर्चाने तिजोरी आटली. गरिबांवरचा कर वाढवला, तर लोक बिथरले. श्रीमंतांचा कर वेगळा ठरवता येतो, हे फार उशिरा कळलं. (घरखर्चाच्या वहीत असली सोय कुठली!)

आणि १७०० साल कोणतं? त्याच मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाई जेमतेम पंचविशीतल्या, पदरात लहान मूल. औरंगजेब १७०७ साली मरेपर्यंत त्यांनी त्याला झुंजवलं. त्यांच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

लेकाला हे सांगितलं. तो ऐकत राहिला, मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाला, “आई, तुझी खेळी.”