नावाची हौस आणि वस्तू व सेवा कर

महाजालावरील संकेतस्थळाचे नाव ‘विकत घेतले’, असे बोलण्याचा आता प्रघात पडला आहे. वस्तुतः त्या व्यवहारात विक्री अशी होतच नाही. नोंदणीदार संस्था ठरावीक मुदतीपुरता, एका वेळी फार तर दहा वर्षांपर्यंत, त्या नावाच्या वापराचा हक्क देते. मुदत सरली आणि नूतनीकरण झाले नाही, तर ते नाव इतर कोणासही घेण्यास मोकळे होते. बोलीतील ‘खरेदी’ आणि कायद्याच्या दृष्टीने घडलेला व्यवहार यांतील हे अंतर केवळ शब्दार्थाचे नव्हे. हौसेने नावे जपणाऱ्याच्या खिशावर कर का आणि किती पडतो, याचे उत्तर या अंतरात सापडते.

विक्रीकर हा मूलतः वस्तूंच्या विक्रीवरील कर होय. मुंबई प्रांतात तो १९४६ च्या कायद्याने आला. पुढे त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली. हरियाणात २००३ साली, महाराष्ट्रात २००५ साली. सेवांवरील कर मात्र १९९४ पासून केंद्राकडे होता. डोमेन-नामाला व्यापारचिन्हाप्रमाणे कायद्याचे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात २००४ साली दिला. नावाचे मोल त्यामुळे मान्य झाले. तथापि नोंदणीचा व्यवहार करापुरता सेवाच राहिला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून या सेवेवर १८ टक्के कर आकारला जातो.

हा कर ग्राहक जेथे राहतो त्या ठिकाणास अनुसरून ठरतो. एक उदाहरण घ्यावे. गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसर या औद्योगिक नगरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या मराठी भाषकाने आपल्या गावची लोकगीते, बोलीतील म्हणी, विस्मृतीत गेलेली नियतकालिके यांच्यासाठी दहा नावे घेऊन ठेवली आहेत आणि प्रत्येक नावाचे वार्षिक शुल्क ८०० रुपये आहे, असे समजू. मूळ रक्कम ८,००० रुपये, तीवर कर १,४४०, एकूण ९,४४०. विक्रेता पुण्याचा असेल, तर हा कर एकात्मिक म्हणून एकरकमी लागतो. हरियाणातील असेल, तर केंद्राचे नऊ आणि राज्याचे नऊ टक्के अशी त्याची विभागणी होते. ग्राहकास रक्कम तीच पडते. पुण्याच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मराठी नावावरील करातील राज्याचा वाटाही अखेर हरियाणाच्याच तिजोरीत जातो.

विक्रेता परदेशी असला, तरी सुटका नाही. महाजालाद्वारे मिळणाऱ्या परदेशी सेवांवर वैयक्तिक ग्राहकांकडून कर घेण्याची व्यवस्था १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकरातच आली होती. २०१७ नंतर ती नव्या कायद्यात कायम झाली. ग्राहक भारतातील आहे की नाही, हे त्याने दिलेला पत्ता, देयकाचा पत्ता, बँक, पैसे भरण्याचे कार्ड इत्यादी सात खुणांपैकी परस्परविरोधी नसलेल्या कोणत्याही दोन खुणांवरून ठरते. देशी विक्रेत्याने कर भरावा आणि परदेशी विक्रेत्याने भरू नये, हा अन्याय दूर करणे हा या तरतुदीचा हेतू होता, आणि तो रास्तच म्हणावा लागेल.

खरा प्रश्न पुढेच आहे. ‘हौशी’ हा शब्द मराठीला रंगभूमीवरून चांगला परिचित आहे. ज्याचा चरितार्थ त्या कलेवर चालत नाही आणि जो तिच्यासाठी पदरमोड करतो, तो हौशी. करकायद्यातही २०२३ पर्यंत हेतूला काही स्थान होते. परदेशातून अशी सेवा घेणारा नोंदणी नसलेला ग्राहक ती व्यापाराखेरीज अन्य कारणासाठी घेत आहे काय, हे व्याख्येत पाहिले जाई. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट गळाली. आता नोंदणी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. नोंदणीकृत व्यापारी नावांवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करून घेतो. हौशी माणसास अशी वजावट नाही. एका हौशाने आपले नाव दुसऱ्यास सहज देऊन टाकले, तर त्यावर सामान्यतः कर नाही. परंतु पुढील वर्षी नूतनीकरण आले की कर आलाच. सारांश, नफ्यासाठी नावे धरणाऱ्यावर कराचा भार टिकत नाही. प्रेमाने धरणाऱ्यावर तो दरवर्षी नव्याने पडतो.

साहित्याच्या अभ्यासकास ही तुलना अधिक बोलकी वाटेल. छापील पुस्तकावर कर नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर २०१८ पासून पाच टक्के कर आहे. तेच साहित्य ज्या पत्त्यावर वाचकास सापडावयाचे, त्या पत्त्यावर मात्र अठरा टक्के. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्यय खुला झाला आणि मराठी शब्द मराठी लिपीतच पत्ता म्हणून लिहिता येऊ लागला. त्या पत्त्यालाही करात वेगळे स्थान नाही.

कराने हौस संपते असे नव्हे. १४४ रुपयांसाठी कोणी गावची गाणी टाकून देणार नाही. परंतु पुस्तक एकदा छापले की कपाटात राहते. नावाचे भाडे थकले की पत्ता हरवतो आणि त्याच्या आधाराने दिलेले संदर्भ निराधार होतात. एका व्यक्तीच्या निवृत्तीने, आजाराने किंवा मृत्यूने हे सहज घडू शकते. म्हणून नावाचे शुल्क आणि त्यावरील कर यांची गणना हौशीच्या किरकोळ खर्चात न करता साहित्यजतनाच्या खर्चात करणे आणि अशी नावे वेळीच ग्रंथालयाच्या किंवा संस्थेच्या स्वाधीन करण्याची वाट आखणे, हे अभ्यासकांचे काम आहे.