समुद्राचं घड्याळ

मागच्या हिवाळ्यात गटातल्या आम्ही सहाजणी भाड्याच्या गाडीनं अलिबागला गेलो. सकाळी लख्ख ऊन, समोर कुलाबा किल्ला, अन् लोक वाळूतून पायी चाललेले. नऊला आम्हीही निघालो.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं. पुढं तो आंग्र्यांचा झाला. आतलं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. पण आम्ही रेंगाळलो विहिरीपाशी. चहूबाजूंनी समुद्र, अन् आत गोडं पाणी! पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात समुद्र नसून बोअर खारट. त्यामुळे आमचे पाय तिथून निघेनात.

साडेदहाला एक कोळीणमावशी ओरडल्या, ‘पाणी चढतंय, निघा!’ परतताना वाळूची वाट गुडघाभर पाण्यात. एकमेकींचे हात धरून कशाबशा काठाला लागलो.

मग मावशींनीच हिशोब शिकवला. समुद्र दिवसातून दोनदा भरतो, दोनदा ओसरतो, अन् रोज पाऊण तास उशिरानं. म्हणून तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. त्या दिवशी तृतीया होती. तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सव्वाआठलाच होऊन गेली होती! पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं अन् जास्त ओसरतं. अष्टमीच्या सुमारास दोन्ही कमी. हा अंदाज झाला. नेमकी वेळ काठावरच्या कोळ्यांना विचारूनच वाळूत उतरा.

पंचांग आमच्याही भिंतीवर असतं, पण ते आम्ही चतुर्थीपुरतंच पाहायचो.