शहरात खोली ठरवण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की गावोगावची मुले-मुली पुण्याची वाट धरतात. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. मग मुलाची खोली नुसत्या भाड्याच्या आकड्यावर का ठरवावी?

‘लाइट-पाणी भाड्यातच’ एवढ्या बोलण्यावर विसंबू नका. नळ किती वेळ चालतो, टँकर लागल्यास पैसे कोणी द्यायचे, विजेच्या युनिटांना मर्यादा आहे काय, हे विचारा. घरगुती विजेचा दर १०० युनिटांच्या पुढे चढतो. एकाच मीटरवर चार खोल्या असल्या की चढ्या दराचा भार सर्वांवर पडतो. सबमीटर वेगळा असेल, तर पहिल्या दिवशीचा आकडा वहीत टिपून ठेवा.

दुसरी बाब जाण्यायेण्याची. मार्च २०२२ पासून पुण्यात मेट्रो धावते. वनाझ व पिंपरीकडून येणारे मार्ग जिल्हा न्यायालय (पूर्वीचे सिव्हिल कोर्ट) स्थानकावर मिळतात. कॉलेजापासून लांब, पण स्थानकाजवळ किंवा बसथांब्याजवळ असलेली खोली पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र भाड्यात प्रवासखर्च मिळवूनच हिशेब करा. शेवटची बस कधी सुटते, तेही पाहा.

करार लेखीच करा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लाइट, पाणी, अनामत रक्कम, सारे त्यात लिहून घ्या.

पेरणीची घाई असली तरी एक दिवस काढा. अनामत देण्यापूर्वी सकाळी स्वतः जाऊन नळ सोडून पाहा.