महिषासुरमर्दिनीचा रंगवेश : पुराणातील वर्णन आणि वऱ्हाडातील नेसण

प्रस्तावना

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी श्रीसंत गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच परिसरात. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, जवळ मातीचे गाडगे आणि हातात खराटा एवढ्यावरून महाराष्ट्र त्यांना ओळखीत असे. माणसाची ओळख चेहऱ्याआधी त्याच्या वेशावरून आणि हातातील वस्तूंवरून पटते. देवतांच्या बाबतीत मूर्तिशास्त्राने हाच मार्ग स्वीकारला असून आयुधे आणि वाहन पाहूनच मूर्तीची निश्चिती केली जाते.

वलगावसारख्या गावी शारदीय नवरात्रात, तसेच महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत व युवक महोत्सवांत महिषासुरमर्दिनीचा प्रसंग हौसेने सादर केला जातो. बहुतेक ठिकाणी वेश भाड्याने आणलेला असतो. शिवून तयार केलेले चकचकीत वस्त्र, कपाळावर जेमतेम टेकणारा पुठ्ठ्याचा मुकुट आणि पाठीला बांधलेले सहा जादा हात असे त्याचे स्वरूप असते. परिणामी युद्ध करणारी देवी जागच्या जागी उभी राहते आणि मारला जाणारा महिषासुर मात्र रंगमंचभर धावत असतो. दोष विद्यार्थिनीच्या अभिनयाचा नाही. तिला जो वेश दिला जातो तो मुळात दिनदर्शिकेवरील चित्राचा वेश आहे आणि चित्राला हालचाल करावी लागत नाही. ग्रंथातील देवी वेगळी आहे. तिच्या आधारे कमी खर्चात व स्थानिक साधनांतून रंगवेश कसा उभा करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

देवीमाहात्म्यातील वेशरचना

मार्कंडेय पुराणातील अध्याय ८१ ते ९३ या तेरा अध्यायांना ‘देवीमाहात्म्य’ म्हणतात. तोच ग्रंथ ‘सप्तशती’ या नावाने घरोघरी वाचला जातो. त्याच्या दुसऱ्या अध्यायात देवांच्या तेजातून देवी प्रकट होते आणि लगेच तिचा वेश सजविला जातो. एखाद्या पात्राचा पोशाख एकेक वस्तू जोडून वाचकासमोर सिद्ध होताना दाखविणारा हा भाग वेशभूषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा असा आहे. शंकर शूल देतो, विष्णू चक्र, वरुण शंख आणि पाश, अग्नी शक्ती, वायू धनुष्य व बाणांनी भरलेले भाते, इंद्र वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातील घंटा. काल तलवार व ढाल देतो. क्षीरसागराकडून हार, कधीही न विटणारी दोन वस्त्रे, चूडामणी, कुंडले, कडी, सर्व बाहूंसाठी केयूर, नूपुर आणि अंगठ्या येतात. विश्वकर्मा परशूबरोबर अभेद्य कवच देतो, तर हिमालय वाहन म्हणून सिंह देतो.

या यादीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की येथे वस्त्राचा रंग सांगितलेला नाही. लाल साडीच हवी हा आग्रह रूढीतून आलेला आहे. रूढी पाळण्यास हरकत नाही, परंतु घरात हिरवे वा जांभळे लुगडे असेल तर केवळ रंगासाठी नवे विकत घेण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट कवचाची. भाड्याच्या वेशात दागिन्यांची दाटी असते, पण कवच क्वचितच आढळते. योद्ध्या स्त्रीची एकमेव निर्विवाद खूण तेवढी गळून पडते आणि उरते ती नटलेली नववधू.

हातांचा प्रश्न

याच अध्यायात देवीचे हात सहस्र असल्याचे म्हटले आहे. मूर्तींत ते कोठे आठ, कोठे दहा, कोठे अठरा दिसतात. तुळजापूरची भवानी अष्टभुजा आहे. म्हणजे हातांची संख्या हे सामर्थ्याचे चिन्ह आहे आणि लाकडी हातांनी ती संख्या गाठण्याचा प्रयत्न रंगमंचावर निष्फळच ठरतो.

तिसऱ्या अध्यायातील युद्ध बारकाईने पाहिले तर या अडचणीतून वाट सापडते. महिषावर देवी प्रथम पाश टाकते. तो सिंह होताच ती त्याचे मस्तक छेदू लागते, तोच तो खड्गधारी पुरुष होतो. त्याला ती बाणांनी विंधते. तो हत्ती होतो तेव्हा तलवारीने त्याची सोंड तोडते. तो पुन्हा महिष झाल्यावर ती उसळी घेऊन त्याच्यावर चढते, पायाखाली त्याचा कंठ दाबते आणि शूल मारते. अखेर महिषाच्या मुखातून अर्धवट बाहेर आलेल्या असुराचे शिर तलवारीने उडवते. पाश, धनुष्यबाण, तलवार आणि शूल, एवढ्या चार आयुधांत संपूर्ण प्रसंग पार पडतो. शिवाय ती एकामागून एक हाती येतात. दोन हात पुरतात.

मात्र त्यासाठी आयुधे अंगावर वागविण्याची सोय वेशातच हवी. डाव्या कमरेला म्यान, पाठीवर तिरका भाता, आणि पाश कमरेभोवती दोन वेढे देऊन सरकगाठीने बांधलेला असावा. तो ओढताच सुटला पाहिजे. धनुष्य आणि शूल सहकलाकाराने योग्य क्षणी हाती द्यावेत. देवांनी आयुधे अर्पण केल्याचा दुसऱ्या अध्यायातील प्रसंगही त्यामुळे आपोआप रंगमंचावर येतो.

नेसण

सर्व वेशाचा पाया नेसण हा होय. वेरूळच्या कैलास लेण्यात (लेणे क्र. १६, आठवे शतक) देवी सिंहावर स्वार होऊन प्रत्यक्ष युद्ध करताना कोरलेली आहे. स्वारी, उसळी आणि पाय रोवणे या तिन्ही क्रिया गोल नेसलेल्या पाचवारी साडीत होत नाहीत. त्या सकच्छ नेसणात होतात. वऱ्हाडात कपाशीच्या शेतात राबणाऱ्या बाया पिढ्यान् पिढ्या काष्ट्याचे लुगडे नेसून वाकल्या, बसल्या, ओझी उचलून धुऱ्यावरून चालल्या. या नेसणाची परीक्षा शेतातच झालेली आहे.

या बाबतीत ग्रीक परंपरेशी तुलना उद्बोधक ठरते. अमेझॉन या पुराणप्रसिद्ध योद्ध्या स्त्रियांना आजचे चित्रपट आखूड वस्त्रांत दाखवितात. प्राचीन ग्रीक भांड्यांवरील अनेक चित्रांत मात्र त्यांच्या अंगात नक्षीदार विजारी आणि लांब बाह्यांचे अंगरखे आहेत. ग्रीकांनी तो वेश शक लोकांसारख्या घोडेस्वार जमातींवरून घेतला. लढणाऱ्या स्त्रीच्या दोन्ही पायांना स्वतंत्र आवरण हवे, ही गरज दोन्हीकडे सारखीच ओळखली गेली होती.

नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. लुगडे सुती व धुऊन मऊ झालेले घ्यावे, कारण नवे खळीचे वस्त्र फुगते आणि रेशीम घसरते. नेसण घोट्याच्या वर ठेवावे, काष्टा मागे घट्ट खोचावा, पदर छातीवरून घेऊन कमरेला आवळावा आणि त्यावर पाशाचे वेढे यावेत. आत गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी घातल्यास विद्यार्थिनी निर्धास्तपणे उडी घेऊ शकते. ही बाब किरकोळ मानली जाते, परंतु संकोचलेल्या शरीराने देवी उभी राहत नाही हे तालमीत पहिल्याच दिवशी दिसून येते. शिवलेली नऊवारी पटकन चढते खरी. तथापि तिची शिवण एका मापाची असल्याने उसळीत तीच प्रथम उसवते.

कवच, मुकुट व आयुधे

सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली. त्याला उत्तम पर्याय घरातच आहे. कागदाचा लगदा आणि मेथीची पूड यांपासून टोपल्या करण्याची कला जुन्या बायांना अवगत आहे. त्याच लगद्याचे कवच होते. रद्दी तीन-चार दिवस भिजवून कुटावी, मेथीची पूड मिसळावी आणि ओल्या मातीच्या साच्यावर कापड अंथरून लगद्याचा पातळ थर थापावा. उन्हात पूर्ण वाळल्यावर कापडी पट्ट्या चिकटवून गेरू वा काळा रंग द्यावा आणि कडांना बेगड लावावी. छाती व पाठ असे दोन स्वतंत्र भाग करून ते खांद्यावर व कुशीत नाड्यांनी बांधावेत. एकसंध कवचात श्वास कोंडतो आणि हात खांद्याच्या वर जात नाही. हात वर गेला नाही तर शूल मारायचा कसा?

मुकुटाचा आधार कपाळ नव्हे, अंबाडा असावा. केस घट्ट बांधून मुकुटाच्या आतील फीत अंबाड्याभोवती आवळली की तो उसळीतही हलत नाही. शूलाचा दांडा बांबूचा, टोके लगद्याची आणि बोथट असावीत. तलवारही धातूची नको. दागिने मोजके घ्यावेत. मात्र इंद्राने दिलेली घंटा विसरू नये. त्या घंटानादाने असुर मोहित झाल्याचे ग्रंथात वर्णन आहे. कमरेला अडकविलेली एक खरी पितळी घंटा प्रत्येक पावलागणिक वाजते, तेव्हा ध्वनिमुद्रित संगीताची फारशी गरज भासत नाही.

स्त्रीराज्यातील योद्ध्या

देवीखेरीज आणखी एका परंपरेचा उल्लेख करावा लागेल. नवनाथ भक्तिसाराची पारायणे ऐकलेल्या श्रोत्यांना मच्छिंद्रनाथ ज्या स्त्रीराज्यात रमले ते ठाऊक असते. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) या चित्रपटात तेथील राणीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली होती. जैमिनीच्या अश्वमेधकथेत तर स्त्रीराज्याची राणी प्रमिला अर्जुनाचा यज्ञाश्व अडविते. वेशाच्या दृष्टीने प्रमिला देवीहून सोपी, पण फसवी आहे. तिला दोन हात आहेत आणि ती मानवी आहे. त्यामुळे विद्यार्थिनी तिला सहज झाशीच्या राणीचा वेश चढवितात. फेटा बांधला की पात्र एकोणिसाव्या शतकात जाते. प्रमिलेला वर सांगितलेलेच नेसण व कवच ठेवावे. चूडामणी, घंटा आणि शूल काढून घ्यावेत, धनुष्य राहू द्यावे आणि हाती घोड्याचा लगाम द्यावा. एकाच साहित्यात दोन पात्रे उभी राहतात.

प्रयोगानंतर लुगडे धुऊन ज्या घरून आणले तेथे परत जाते. लगद्याचे कवच मात्र कोरड्या जागी, कडुलिंबाच्या पाल्यासह कापडात गुंडाळून ठेवावे. मेथीच्या कडवटपणामुळे त्याला सहसा कीड लागत नाही, आणि पुढील वर्षीच्या विद्यार्थिनीसाठी केवळ नाड्या तेवढ्या बदलाव्या लागतात.