निर्वाचकाची दोन मते

फिलाडेल्फियाच्या सभागृहात १७८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध होत असता, राष्ट्राध्यक्ष कोणी आणि कसा निवडावा या प्रश्नाने तेथे जमलेल्या मुत्सद्द्यांना फार सतावले. काँग्रेसने निवडावा तर तो काँग्रेसचा मिंधा होईल, लोकांनी थेट निवडावा तर एवढ्या विस्तीर्ण देशात दूरच्या राज्यातील माणसाची पारख त्यांना कशी व्हावी, अशी शंकाकुशंकांची मालिका संपेना; आणि अखेर सप्टेंबरच्या आरंभी, सर्वच मंडळी थकून गेली असताना, एका समितीने निर्वाचकांची योजना पुढे मांडली. प्रत्येक राज्याने आपापल्या रीतीप्रमाणे निर्वाचक नेमावेत, त्यांनी आपल्याच राज्यात एकत्र बसून प्रत्येकी दोन व्यक्तींना मते द्यावीत, त्यांपैकी निदान एक व्यक्ती परराज्यातील असावी, आणि मतांच्या याद्या मोहोरबंद करून राजधानीस रवाना कराव्यात. सर्वाधिक मते मिळून ती निम्म्याहून अधिक निर्वाचकांची असतील तो राष्ट्राध्यक्ष, आणि त्याच्या खालोखालचा उपराष्ट्राध्यक्ष. दोन मतांपैकी कोणते कोणत्या पदासाठी, हे लिहिण्याची मुभा मात्र निर्वाचकाला नव्हती.

योजना आखणाऱ्यांचा हिशेब मोठा चतुर होता. प्रत्येक निर्वाचक आपले पहिले मत घरच्या माणसाला देणार हे उघड होते. ते देऊन झाले की दुसऱ्या मतासाठी त्याला सरहद्दीपलीकडे पाहावे लागेल, आणि अशा दुसऱ्या मतांच्या बेरजेतूनच अखिल देशाला मान्य असा पुरुष वर येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. मात्र या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की निर्वाचक एकमेकांशी संगनमत करणार नाहीत. पक्ष म्हणजे लोकसत्ताक राज्याला जडणारी व्याधी, हे त्या पिढीचे ठाम मत होते; जेम्स मॅडिसनने तर त्या व्याधीची चिकित्सा करणारा एक विख्यात निबंधच १७८७ मध्ये लिहिला, आणि पुढे चार-पाच वर्षांच्या आतच तो स्वतः देशातील पहिल्या विरोधी पक्षाचा एक संस्थापक होऊन बसला.

पहिल्या निवडणुकीत हे छिद्र कोणाच्या डोळ्यांवर आले नाही, कारण वॉशिंग्टनविषयी दुमत नव्हते. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाच्या दोन सभागृहांचे आपसांत जुळले नाही म्हणून त्या राज्याचे निर्वाचकच नेमले गेले नाहीत, आणि दोन राज्यांनी तोवर घटना स्वीकारलेलीच नव्हती. उरलेल्या १० राज्यांच्या ६९ निर्वाचकांनी, एकही अपवाद न होता, आपले एक मत वॉशिंग्टनला दिले. परंतु अलेक्झांडर हॅमिल्टनच्या तीक्ष्ण बुद्धीला ते छिद्र तेव्हाही दिसले होते. दुसरी सगळी मते जॉन अॅडम्सला पडली तर तो वॉशिंग्टनच्या बरोबरीला येईल, आणि एखाद्याने खोडी केली तर पुढेही जाईल, या धास्तीने त्याने काही निर्वाचकांकरवी अॅडम्सची मते इतरत्र वळवली. अॅडम्सच्या पदरी ३४ मते पडली, आणि स्वभावतः मानी असलेल्या त्या गृहस्थाला हा अपमान पुष्कळ दिवस सलत राहिला.

पक्ष जन्माला आले ते वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातच. खजिन्याचा कारभार हॅमिल्टनकडे होता. राज्यांची युद्धकर्जे मध्यवर्ती सरकारने शिरावर घ्यावीत, एक राष्ट्रीय पेढी काढावी, व्यापारी आणि सावकार यांचे हितसंबंध सरकारशी निगडित करावेत, असे त्याचे धोरण होते. परराष्ट्रखाते सांभाळणाऱ्या थॉमस जेफर्सनला त्यात इंग्लंडच्या राजेशाहीची नक्कल दिसे. १७९३ मध्ये क्रांतिकारक फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपल्यावर या मतभेदाला सहानुभूतीचा रंग चढला, आणि इंग्लंडशी झालेल्या जॉन जे साहेबांच्या तहनाम्याने तो पक्का केला. हॅमिल्टनचे अनुयायी स्वतःला फेडरलिस्ट म्हणवीत, जेफर्सनचे रिपब्लिकन. या दुसऱ्या नावाचा आजच्या रिपब्लिकन पक्षाशी वंशसंबंध नाही. दोन्ही बाजूंची वृत्तपत्रे होती आणि दोहोंना सरकारी तिजोरीतून आडवाटेने पाणी मिळत होते. फेडरलिस्टांच्या बाजूच्या फेनोच्या पत्राला खजिन्याच्या खात्याचे छपाईचे काम मिळे, तर त्याला उत्तर देण्यासाठी फिलिप फ्रेनो या कवीला जेफर्सनने आपल्या दफ्तरात वार्षिक २५० डॉलर तनख्यावर भाषांतरकार नेमले. कवीमहाशय उरलेल्या वेळात आपल्या पत्रातून ज्या सरकारचे अन्न खात होते त्याच सरकारवर तोंडसुख घेत, आणि वॉशिंग्टन ते वाचून संतापाने लाल होई.

१७९६ मध्ये वॉशिंग्टनने निवृत्ती जाहीर केली आणि पक्षभेदाच्या अनर्थाविषयी इशारा देणारे निरोपाचे निवेदन छापून प्रसिद्ध केले. त्यानंतर झालेली निवडणूक हीच त्या इशाऱ्यावरची देशाची प्रतिक्रिया म्हणावी लागेल. फेडरलिस्टांचा अॅडम्स राष्ट्राध्यक्षपदासाठी आणि दक्षिण कॅरोलिनाचा टॉमस पिंक्नी दुय्यम पदासाठी, असा संकेत होता. पण दोन्ही मतांचे वजन सारखेच असल्याने हॅमिल्टनने पुन्हा कानोसा घेतला. उत्तरेतील निर्वाचकांनी दोघांनाही निमूटपणे मते दिली आणि दक्षिण कॅरोलिनाने आपल्या भूमिपुत्राला थोडी अधिक दिली, तर कोणाच्या ध्यानीमनी नसताना पिंक्नीच राष्ट्राध्यक्ष होईल, असा त्याचा डाव होता. त्याची कुणकुण लागताच न्यू इंग्लंडमधील अॅडम्सनिष्ठांनी पिंक्नीचे नाव वगळले. अॅडम्सला ७१ मते मिळून तो निवडून आला, पिंक्नी ५९ वर घसरला, आणि मधल्या मोकळ्या जागेत ६८ मतांनिशी प्रतिपक्षाचा जेफर्सन उपराष्ट्राध्यक्ष होऊन बसला. त्याच निवडणुकीत पेनसिल्व्हेनियाचा सॅम्युएल माइल्स हा निर्वाचक फेडरलिस्टांच्या यादीतून निवडून येऊन जेफर्सनला मत देता झाला, तेव्हा एका मतदाराने वर्तमानपत्रातून चिडून विचारले की, आपण त्याला विचार करण्यासाठी निवडले होते की काय. काम केवळ सांगितले तसे मत टाकण्याचे होते. घटनाकारांच्या कल्पनेतला विवेकी, स्वतंत्र निर्वाचक नऊ वर्षांत हरकाऱ्याच्या पदवीला येऊन पोहोचला तो असा.

पुढल्या चार वर्षांत दोन्ही पक्षांची शिस्त लष्करी झाली. १७९८ च्या राजद्रोहाच्या कायद्याखाली सरकारवर टीका करणारे संपादक तुरुंगात गेले; व्हर्मांटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन तर तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आला. १८०० च्या वसंतात न्यूयॉर्क शहरातील विधिमंडळाच्या जागा अॅरन बर याने घरोघरच्या बंदोबस्ताने जिंकल्या आणि त्या राज्याची १२ मते रिपब्लिकनांकडे वळवली. त्या कामगिरीचे बक्षीस म्हणून पक्षाने त्याला दुय्यम पदाची उमेदवारी दिली. दक्षिणेतील गुलामांना मताधिकार नसताना पाचांमागे तीन या प्रमाणात त्यांची गणना निर्वाचकसंख्येत धरली जात असे. ती भर नसती तर जेफर्सनचे आठ मतांचे आधिक्य टिकणे दुरापास्त होते, ही गोष्ट जेफर्सनच्या या विजयाचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत.

शिस्तीनेच घात केला. फेडरलिस्टांच्या एका निर्वाचकाने सावधपणे आपले दुसरे मत जॉन जे याला देऊन अॅडम्स ६५ आणि दुय्यम पदाचा उमेदवार चार्ल्स पिंक्नी ६४ असा फरक राखला होता; रिपब्लिकनांत ही खबरदारी प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवली, आणि जेफर्सन ७३, बर ७३ असा निकाल लागला. कोणी कोणाला राष्ट्राध्यक्ष करू इच्छीत होते हे शेंबड्या पोराला ठाऊक होते, पण घटनेच्या कागदावर दोघे समान होते, आणि बरने माघार घेण्यास तोंड उघडले नाही.

निवाडा प्रतिनिधिसभेकडे गेला. तेथे मत राज्यागणिक एक. १९ सभासदांच्या व्हर्जिनियाला जेवढे वजन तेवढेच एका सभासदाच्या डेलावेअरला. १६ पैकी ९ राज्ये मिळणे अवश्य होते. ११ फेब्रुवारी १८०१ रोजी, कॅपिटॉलच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत, मतदान सुरू झाले: जेफर्सनला ८ राज्ये, बरला ६, आणि व्हर्मांट व मेरीलँड अंतर्गत फुटीमुळे बाद. दुसऱ्या फेरीतही तेच, पुढेही तेच, रात्र झाली तरी सभा उठेना, आणि सभासद उशा मागवून जागच्या जागी डुलक्या घेऊ लागले. मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापाने फणफणत असताना बर्फातून त्याला खाटेवर आणून एका खोलीत निजवले होते. प्रत्येक फेरीला मतपेटी त्याच्या उशाशी जाई आणि शेजारी बसलेल्या पत्नीच्या मदतीने तो जेफर्सनचे नाव लिही. तो नसता तर त्याचे राज्य बरकडे गेले असते. तिकडे शपथविधीची ४ मार्चची मुदत जवळ येत चालली, पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात शिबंदी सज्ज ठेवण्याची भाषा सुरू झाली, आणि हॅमिल्टन पत्रांमागून पत्रे लिहून आपल्याच पक्षाला विनवू लागला की जेफर्सन वाईट खरा, पण बर निखालस घातकी आहे.

गाठ सोडवली डेलावेअरच्या एकुलत्या एक प्रतिनिधीने, जेम्स बेअर्डने. राष्ट्रीय कर्जाची पत, आरमार आणि काही अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या यांविषयी आपल्याला जेफर्सनच्या बाजूने हमी मिळाली, असे त्याने पुढे सांगितले. जेफर्सनने तसा सौदा झाल्याचे आजन्म नाकारले. १७ फेब्रुवारीस ३६ व्या फेरीत बेअर्डने कोरी चिठ्ठी टाकली, व्हर्मांट आणि मेरीलँड यांतील फेडरलिस्ट बाजूला झाले, आणि १० राज्यांच्या मतांनी जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाला. ४ मार्चच्या पहाटे चार वाजता अॅडम्स राजधानीतून निघून गेला. शपथविधीला तो थांबला नाही.

जून १८०४ मध्ये संमत झालेल्या बाराव्या घटनादुरुस्तीने निर्वाचकाने दोन पदांसाठी दोन वेगवेगळी मते द्यावीत असे ठरवले. कलमाच्या मजकुरात पक्ष हा शब्द नाही. तरी पक्षाने पुढे केलेली जोडी उभी राहणार हे मान्य केल्यावाचून त्या कलमाला अर्थही नाही. त्यानंतरच्या महिन्यात, ११ जुलैला, बर आणि हॅमिल्टन यांचे द्वंद्व झाले आणि गोळी लागलेला हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी मरण पावला. नव्या पद्धतीने झालेल्या निवडणुकीचे लखोटे फेब्रुवारी १८०५ मध्ये सिनेटच्या अध्यक्षाने, म्हणजे उपराष्ट्राध्यक्षाने, उघडावयाचे होते. तेव्हा न्यू जर्सीत खुनाचा आरोप डोक्यावर असलेल्या बरनेच ते उघडले, जेफर्सनला १६२ मते मिळाल्याचे वाचून दाखवले, आणि आपल्या जागी जॉर्ज क्लिंटन निवडून आल्याचे रीतसर जाहीर केले.