यात्रेतील विजेची शिदोरी

कळवणच्या पेठेत भारनियमनाच्या काळापासून इन्व्हर्टर व ट्युब्युलर बॅटरी हे शब्द सर्वपरिचित झाले. वीज गेली तरी दुकानातील दिवा-पंखा चालावा, एवढीच तेव्हाची अपेक्षा होती. आता पालीताणा, शिखरजी वा श्रवणबेळगोळ अशा दूरच्या यात्रेसाठी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, हा पर्याय पुढे आला आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. सूर्यास्तापूर्वीचे घरचे भोजन, गाळलेले पाणी आणि वृद्धांची विश्रांती यांची सोय अशा वाहनात होते. मात्र त्यासाठी बॅटरी निवडताना दुकानातील अनुभव पुरेसा ठरत नाही.

इंजिन सुरू करणारी बॅटरी काही क्षण मोठा प्रवाह देण्यासाठी बनलेली असते. तिच्या प्लेट पातळ असतात. रात्रभर फ्रीज व पंखा चालवून ती वारंवार रिकामी केल्यास लवकर निकामी होते आणि सकाळी गाडीच सुरू होत नाही. म्हणून निवासी वापरासाठी स्वतंत्र डीप सायकल बॅटरी हवी.

खरेदीपूर्वी गरज मोजावी. पाच वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे 100 वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे आठ तास म्हणजे 320. लहान फ्रीजला दिवसाकाठी सुमारे 500. पाण्याचा पंप व मोबाइल यांना 80. एकूण 1000 वॅट-तास, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 84 अँपिअर-तास. इंडक्शन शेगडीचा भार फार मोठा असल्याने स्वयंपाक गॅसवरच ठेवणे हिताचे.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. त्यामुळे वरील गरजेस सुमारे 170 अँपिअर-तासांची क्षमता लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते. तेथे सुमारे 105 पुरतील आणि वजनही पुष्कळ कमी भरेल. घरातील उंच ट्युब्युलर बॅटरी मात्र वाहनात नको. धक्क्यांनी ॲसिड सांडते, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. लेड-ॲसिडच घ्यायची तर सीलबंद एजीएम वा जेल प्रकार निवडावा. लिथियमसाठी योग्य चार्जर लावावा आणि कोणत्याही बॅटरीच्या जवळच फ्यूज बसवावा.

मग लिथियमची अधिक किंमत मोजावी का? ती 2000 वा अधिक वेळा भरते व रिकामी होते. लेड-ॲसिडची मजल बहुधा काहीशे वेळांची. परंतु वर्षात वीसच दिवस यात्रा करणाऱ्या कुटुंबाला 2000 आवर्तने संपवण्यास शंभर वर्षे लागतील. त्याआधी बॅटरीच जुनी होईल. अशा कुटुंबास सीलबंद लेड-ॲसिडही पुरते. फक्त ती वापराविना पडून असतानाही पूर्ण भरलेली ठेवावी. वाहन भाड्याने देणाऱ्यास वा महिन्यातून अनेक दिवस प्रवास करणाऱ्यास मात्र लिथियमच स्वस्त पडते. भाव छापील किमतीवर नव्हे, प्रत्येक वापरामागे काढावा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे टाकू नये. शिसे व आम्ल माती-पाणी विषारी करतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत संकलनाकडेच सोपवावी.